विटाळ : गोदाकाठच्या एका शिरस्त्याची कैफियत

पैठणहून उत्तरेस निघावे, छत्रपती संभाजीनगर शहर ओलांडून दौलताबादचा किल्ला मागे टाकावा, घाट चढून खुलदाबाद आणि तेथून खाली उतरून वेरूळ गाठावे, मग पश्चिमेकडे वळून देवगाव रंगारीवरून वैजापूर तालुक्यातील शिऊरास जाऊन थांबावे, तर हा सगळा प्रवास आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या हद्दीतच पुरा होतो. या वाटेवर प्रवासी लेणी पाहतात, किल्ला पाहतात, घृष्णेश्वराचे दर्शन घेतात आणि पैठणी विकत घेऊन परततात. स्त्रीच्या देहाला महिन्यातले चार दिवस खरोखरच काही विटाळ होतो काय, आणि होत असल्यास तो कोणी ठरविला, हा प्रश्न महाराष्ट्रात ज्या मोजक्या ठिकाणी फार पूर्वी उघडपणे विचारला गेला, त्यांतील काही ठिकाणे याच वाटेवर आहेत, याची मात्र त्यांना सहसा वार्ता नसते. स्त्रीविषयक सुधारणेचा इतिहास सांगावयास बसले की आपले लेखक पुण्यापासून आरंभ करतात, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु पुण्यास पेशव्यांचे बस्तान बसण्यापूर्वी चार-साडेचार शतके गोदाकाठी या बाबतीत जो संवाद झाला, त्याची नोंद घेतल्यावाचून हा इतिहास अपुरा राहतो.

ज्या शिरस्त्याविषयी हा प्रश्न होता तो किती खोल रुजलेला होता, हे आधी पाहिले पाहिजे. तैत्तिरीय संहितेत अशी कथा आहे की, विश्वरूपाचा वध केल्याने इंद्राला जे ब्रह्महत्येचे पातक लागले, त्याचे त्याने तीन वाटे केले. एक पृथ्वीने घेतला, दुसरा वृक्षांनी आणि तिसरा स्त्रियांनी, आणि हा तिसरा वाटाच दर महिन्यास रजोरूपाने प्रकट होतो. म्हणजे गुन्हा देवराजाचा आणि त्याचे प्रायश्चित्त घरोघरच्या बायकांना, पिढ्यान्‌पिढ्या, बिनतक्रार! स्मृतिकारांनी पुढे याची वर्गवारी केली : पराशरादिकांच्या मते रजस्वला पहिल्या दिवशी चांडाळीसमान, दुसऱ्या दिवशी ब्रह्मघातकीसमान, तिसऱ्या दिवशी परटिणीसमान आणि चौथ्या दिवशी शुद्ध. या वर्गवारीतली पहिली आणि तिसरी उपमा ध्यानात ठेवावी. कारण जातीचा विटाळ आणि स्त्रीचा विटाळ या दोहोंना एकाच मापाने मोजण्याची ही युक्ती पुढे फार दूरवर पोहोचली आहे. एवढ्यावरही नकळत काही चूक राहून गेली असेल तर तिच्या परिमार्जनार्थ भाद्रपद शुद्ध पंचमीस ऋषिपंचमीचे व्रत सांगितले. रजस्वला असता भांड्यांना हात लावल्याच्या दोषापायी एक ब्राह्मणी कुत्रीच्या जन्मास गेली आणि तिच्या संसर्गाने तिचा पतीही बैल झाला, ही त्या व्रताची कथा आजही आपल्या घरांतून वाचली जाते, आणि बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही म्हणून त्या दिवशी आपोआप उगवलेल्या भाज्यांवर भागविले जाते.

व्रते आणि प्रायश्चित्ते यांच्या या परंपरेचा महासंग्रह ज्याने केला तो हेमाद्री, यादवांचा श्रीकरणाधिप, याच देवगिरीस, म्हणजे आजच्या दौलताबादेस, बसून कारभार पाहत होता. एका बाजूस राजाच्या दप्तरखान्यात चतुर्वर्गचिंतामणीसारखा प्रचंड ग्रंथ सिद्ध होत होता, आणि दुसऱ्या बाजूस, त्याच राज्यात, पैठणास संन्यास घेऊन फिरू लागलेला मूळचा गुजरातेतील भडोचचा एक पुरुष आपल्या भोवती जमलेल्या स्त्रीपुरुषांशी साध्या मराठीत बोलत होता. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांचे हे बोलणे पंथातल्या म्हाइंभटाने पुढे शके १२०० च्या सुमारास, अनेकांकडे जाऊन, विचारून, पडताळून ‘लीळाचरित्रा’त नोंदविले. म्हाइंभटाची पद्धत चौकस कारकुनाची आहे. कोण, कोठे, कोणत्या प्रसंगी काय बोलले हे तो थोडक्यात टिपतो, आणि एकाच प्रसंगाच्या दोन निरनिराळ्या आठवणी मिळाल्या तर त्या दोन्ही ठेवून देतो.

या ग्रंथात विटाळाचा विषय निघतो तेव्हा चक्रधरांचे उत्तर शास्त्रार्थाचे नाही. त्याचा आशय असा की, देहाला द्वारे आहेत आणि प्रत्येक द्वारातून काही ना काही मळ वाहतच असतो. नाकातून वाहतो, डोळ्यांतून वाहतो, तसाच हाही एक स्राव आहे. तो धुवावा आणि आपल्या कामाला लागावे, त्याचा विटाळ धरू नये. या उत्तराचे महत्त्व त्याच्या शांतपणात आहे. येथे कोणत्याही स्मृतिवचनावर दुसऱ्या स्मृतिवचनाने मात केलेली नाही, इंद्राच्या कथेचा रूपकात्मक अर्थ लावून तिला सौम्य केलेले नाही, किंवा स्त्री ही देवीस्वरूप असल्याने तिला विटाळ कसा, असा आजकाल फार ऐकू येणारा गोड युक्तिवादही केलेला नाही. जी गोष्ट देहधर्माची आहे ती देहधर्माच्या सदरात परत नेऊन ठेवली, एवढेच केले. आज ज्याला आपण वैज्ञानिक दृष्टी म्हणतो तिचा आरंभ पुष्कळदा असा वर्गवारी बदलण्यानेच होत असतो.

हे बोलणे ज्यांच्यासमोर झाले त्या स्त्रियांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. पैठणची नागुबाई, जिला महानुभाव वाङ्मय बाइसा म्हणते, ही चक्रधरांच्या नित्य सेवेत होती. महदाइसा, जिच्या धवळ्यांमुळे तिला मराठीतली आद्य कवयित्री म्हणतात, ही तर सतत काहीतरी विचारीत राहण्याबद्दलच पंथात नावाजलेली होती. तिच्या प्रश्नांचा कोणास कंटाळा आल्याचे दिसत नाही. उलट आद्य आचार्य नागदेवाने तिच्या जिज्ञासेचे आणि चर्चकपणाचे मुक्तकंठाने कौतुक केले आहे. केशोबासांसारख्या पंडितांनी त्याला संस्कृतात प्रश्न केला असता, या भाषेने माझ्या म्हाताऱ्या नागविल्या जातील, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्याने मराठीचा आग्रह धरला, ही गोष्ट ‘स्मृतिस्थळ’ या महानुभाव ग्रंथात आहे. मराठी भाषेचा अभिमान म्हणून हे उत्तर आपण नेहमी सांगतो. पण त्या म्हाताऱ्यांना प्रश्नोत्तरातला वाटा मिळावा हा त्यातला हेतू सांगावयाचे बहुधा राहून जाते.

मात्र चक्रधरांना आजच्या स्त्रीमुक्तिवाद्याचा अंगरखा चढविण्याचा मोह आवरला पाहिजे. त्यांच्याच सूत्रपाठात संन्याशाने स्त्रीच्या दर्शनापासूनही जपावे असे सांगणारी कठोर वचने आहेत. आणि विटाळाची जी मोकळीक मिळाली ती घरदार सोडून आलेल्यांना मिळाली. सासरी नांदणाऱ्या, चूल सांभाळणाऱ्या बाईला ‘धुवावे आणि मोकळे व्हावे’ असे सांगितले असते तर तिने ते कोणाच्या घरात करावयाचे होते? संसाराबाहेर पडल्यावर प्रश्न विचारता येतो. संसारात असताना तो गिळावा लागतो. ही अडचण या विषयाच्या इतिहासात पुनःपुन्हा आडवी येते.

शिवाय या उत्तराच्या नशिबी एक विलक्षण बंदिवास होता. चौदाव्या शतकात महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत लिहावयास आरंभ केला. कारणे काहीही असोत, परिणाम असा झाला की ‘लीळाचरित्र’ मठाच्या पेटीत बंद झाले. ज्या मराठीचा आग्रह म्हाताऱ्यांसाठी धरला होता ती मराठी आता किल्लीवाचून कोणालाच वाचता येईना. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य राजवाडे, वि. ल. भावे, य. खु. देशपांडे प्रभृती संशोधकांच्या खटपटीने ते कुलूप निघाले. १९३६-३७ च्या सुमारास हरि नारायण नेने यांनी ‘लीळाचरित्र’ छापावयास घेतले, आणि वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती तर १९७८ साली आली. म्हणजे गोदाकाठी तेराव्या शतकात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सामान्य मराठी वाचकाच्या हाती पडावयास साडेसहाशे वर्षे लागली. आणि मधल्या काळात घरोघरी इंद्राचे पातक निर्वेधपणे फेडले जात राहिले.

मधल्या काळात पैठण गप्प होते असे नाही. एकनाथांनी (१५३३–१५९९) आपल्या भारुडांत भूत उतरविणारा, विंचू उतरविणारा, भविष्य सांगणारा जोशी, गोंधळी, जोगवा मागणारी अशी त्या काळच्या गावगाड्यातली सारी मंडळी उभी केली आणि त्यांच्याच तोंडून त्यांच्या धंद्याचा पार उलटा अर्थ वदविला. नवससायासांत गुंतलेल्या सासुरवाशिणीचे जे भारूड महाराष्ट्रभर गाइले जाते, त्यात ती देवीपाशी सासरच्या एकेका माणसाचा निकाल मागते. श्रोते खदखदा हसतात, आणि नवसामागची कोंडी त्या हसण्यातच उघडी पडते. परंतु नाथांचा रोख कामक्रोधादी विकारांकडे आहे; विटाळाच्या शिरस्त्यास त्यांनी थेट हात घातला असे म्हणता येणार नाही. जातीच्या विटाळाबाबत त्यांच्या चरित्रातल्या आख्यायिका बोलक्या आहेत, आणि त्या सर्वश्रुत असल्याने येथे सांगत बसत नाही.

बहिणाबाईंपाशी मात्र थांबले पाहिजे. शिऊरच्या या संत कवयित्रीचा जन्म १६२८ साली वेरूळनजीकच्या देवगावी झाला. अगदी बालवयात तीस वर्षांच्या बिजवराशी त्यांचे लग्न लागले. पुढे कोल्हापुरास असताना कीर्तनाची गोडी लागली, तुकोबांचा ध्यास लागला, आणि ब्राह्मणाच्या बायकोने शूद्रास गुरू करावे हे पतीस न साहून त्याने त्यांना मारझोड केली. हे सगळे त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत स्वतः सांगितले आहे, आणि सतराव्या शतकातल्या एका गृहिणीने स्वतःच्या संसाराची अशी कैफियत स्वतः लिहून ठेवावी हेच मुळी अपूर्व आहे. त्यांच्या रचनेत त्यांनी वज्रसूचीचा आशय मराठीत आणला. अश्वघोषाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या आणि उपनिषद म्हणूनही प्रसिद्ध असलेल्या या छोट्या ग्रंथाची रीत पाहण्यासारखी आहे. ब्राह्मण कोण, हा एकच प्रश्न घेऊन तो चालतो. जीव ब्राह्मण म्हणावा तर तो सर्व योनींत एकच. देह ब्राह्मण म्हणावा तर तो सर्वांचा त्याच पंचभूतांचा. जात म्हणावी तर कित्येक ऋषींचे जन्म भलतीकडेच. वर्ण, कर्म, पांडित्य, एकेक उत्तर पुढे घ्यावयाचे, त्याची परीक्षा करावयाची आणि टिकत नाही म्हणून बाजूस ठेवावयाचे. संशयाची ही शिस्तबद्ध पद्धती बहिणाबाईंनी आत्मसात केली होती. तरीही स्त्रीदेहाच्या बाबतीत त्यांची वाणी अडखळते. वेदपुराणे स्त्रीदेहाची निंदा करतात, मग मला परमार्थ कसा घडावा, अशी व्यथा त्या मांडतात. पण ब्राह्मण्याला लावलेली कसोटी त्या स्त्रीदेहाच्या निंदेला लावीत नाहीत, आणि शेवटी पतिव्रताधर्माच्याच आश्रयास जातात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. महदाइसा घर सोडून आली होती. बहिणाबाईंना त्याच पतीच्या घरी रोज स्वयंपाक करावयाचा होता.

यानंतरची दोन शतके या बाबतीत फारशी बोलत नाहीत. निजामाच्या आसफजाही अमलात जिल्ह्याचा कारभार तालुकदार पाहू लागला, दप्तर आधी फारसीत आणि मग उर्दूत गेले, आणि इनामे, वतने, सनदा यांच्या कागदांत बायकांचे नाव आले तर ते वारसाच्या तंट्यातच आले. इंग्रजी मुलखात स्त्रीशिक्षण व संमतिवय यांवर रणे माजत असता मराठवाड्यात मराठी शाळा काढणे हेच मोठे धाडस होते. १९१५ साली जिल्ह्याच्या शहरात सुरू झालेल्या सरस्वती भुवन या संस्थेची कहाणी त्या धाडसाची आहे.

खरा वाद या सुमारास मुंबईत पेटला होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक स्त्रीपुरुषांच्या शरीराविषयी नि:संकोच, शास्त्राधारे लिहीत होते, आणि त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले होत होते. १९३४ सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. ते खटला हरले आणि कर्व्यांना दंड झाला. परंतु ज्याने शरीरशास्त्राविषयी लिहिण्याचा हक्क न्यायालयात मांडला, त्याच वकिलाने सोळा वर्षांनी, १९५० मध्ये, आजच्या छत्रपती संभाजीनगर शहराच्या छावणीलगतच्या माळावर महाविद्यालय काढले आणि पुढे त्यास मिलिंद हे नाव दिले. मिलिंद म्हणजे भिक्षू नागसेनास अडचणीत टाकणारे प्रश्न विचारणारा यवन राजा; परिसराला नागसेनवन म्हणतात. ज्यांचा स्पर्श, स्मृतीच्या भाषेत, पहिल्या दिवसाच्या रजस्वलेसारखा मानला गेला होता, त्यांच्या मुली तेथे प्रयोगशाळेत परीक्षानळी धरून उभ्या राहिल्या. १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ज्याला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो. १९५८ साली विद्यापीठ आले. आता चक्रधरांच्या उत्तरास शास्त्राची पुस्तीही उपलब्ध झाली : मासिक स्राव म्हणजे गर्भधारणा न झाल्याने सुटून पडलेले गर्भाशयाचे अस्तर व त्याबरोबरचे रक्त, बहुधा एका खेपेस सरासरी तीस ते चाळीस मिलिलिटर, त्यात विष नाही, पातक नाही.

तथापि शास्त्राच्या नावावर जे सांगितले जाते ते सगळे शास्त्रच असते असे मानून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. व्हिएन्नाचा बेला शिक हा काही भोंदू नव्हता. घटसर्पाची परीक्षा ज्याच्या नावाने ओळखली जाते तो नामांकित वैद्य. १९२० साली त्याने लिहिले की, आपण मोलकरणीच्या हाती दिलेली फुले सकाळपर्यंत माना टाकून बसली, आणि चौकशी करता ती ऋतुमती असल्याचे कळले. त्यावरून तिच्या घामात काही विष असले पाहिजे. या कल्पित विषास मेनोटॉक्सिन असे भारदस्त नाव मिळाले, त्यावर प्रयोगांमागून प्रयोग झाले, आणि प्रयोगशाळेतून ते पुरते हद्दपार व्हावयास कित्येक दशके लागली. वास्तविक ही समजूत पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीचीच होती, ज्याने रजस्वलेच्या सान्निध्याने मद्य आंबते आणि आरसे काळवंडतात असे लिहून ठेवले होते. शिकने तिला फक्त पांढरा डगला घातला.

आपल्याकडे मद्याच्या जागी पापड आले. उन्हाळा लागला की मराठवाड्यातल्या अंगणात अजूनही वाळवणाची धांदल उडते. उडदाचे घट्ट पीठ कुटले जाते, लाट्या पडतात, शेजारच्या चौघीजणी आपापले पोळपाट-लाटणे घेऊन बसतात, आणि जिला कावळा शिवला आहे तिला, पापडांवर सावली पडू नये म्हणून, उंबऱ्यापलीकडे बसविले जाते. सावली पडली तर तळताना पापड लाल होतात, हा तेथला सिद्धान्त. लाल पापड सर्वांनी पाहिलेले असतात हे खरे. पण पापडखार प्रमाणाबाहेर पडला की पीठ तळताना भराभर तांबूस होते, मग लाटणारी ऋतुमती असो वा सत्तरीची आजी असो. ज्या घरात कोणीही अस्पर्श नव्हते त्या घराचेही पापड लाल झालेले असतात. तो दाखला मात्र कोणी मोजत नाही. अनुकूल तेवढे दाखले ध्यानात ठेवावयाचे आणि प्रतिकूल विसरून जावयाचे, या एका खोडीवर जगातल्या निम्म्या समजुती उभ्या आहेत. उरलेल्या निम्म्या कशावर उभ्या आहेत हे मी पुढे सांगतो.

अलीकडे या शिरस्त्याचा एक नवा वकील उभा राहिला आहे. तो म्हणतो की, आपले पूर्वज दूरदर्शी होते. स्त्रीला कष्टांतून चार दिवस विश्रांती मिळावी एवढ्यासाठीच त्यांनी ही योजना केली, धर्म हे निमित्त. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत या युक्तिवादास ऊर्जा, स्पंदने असे शब्दही जोडलेले आढळतात. हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे आणि एकदोन साध्या प्रश्नांपुढे टिकत नाही. विश्रांतीच द्यावयाची होती तर तिला चांडाळीची उपमा कशाला? आजारी सासऱ्यास विश्रांती देताना त्याचे पाणी वरून ओतीत नाहीत. बाहेर बसलेल्या बाईच्या पुढ्यात धान्याचे सूप, वाती किंवा शिवावयाची गोधडी येतच असे, हे ज्या घरांत चार पिढ्यांच्या बायका नांदल्या त्या प्रत्येक घरात सांगता येईल. आणि खुरपणीस, वेचणीस जाणाऱ्या रोजगारी बाईला हे चार दिवस कोणी कधी दिले? तिचा विटाळ देवघरापुरता होता. शेतमालकाच्या कापसाला तिचा हात चालत होता. उरलेल्या निम्म्या समजुती उभ्या असतात त्या सोयीवर.

सोयीच्या या हिशेबाकडे आपल्या सुधारकांनी पुरेसे लक्ष दिले नाही अशी माझी तक्रार आहे. मंदिराच्या दाराशी मात्र त्यांनी निकराने लढा दिला. जिल्ह्याच्या दक्षिणेस गोदावरी ओलांडली की नेवासे तालुका लागतो, आणि त्यातच शनिशिंगणापूर. तेथल्या शनीच्या चौथऱ्यावर स्त्रियांस मज्जाव होता. २००० साली अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याविरुद्ध आंदोलन उभारले, आणि प्रकरण न्यायालयातही गेले. २०१३ च्या २० ऑगस्टला दाभोलकरांचा पुण्यात खून झाला; त्यांनी वर्षानुवर्षे ज्याचा पाठपुरावा केला तो जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर चार-पाच दिवसांत वटहुकूम म्हणून निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने संमत केला. त्या कायद्याच्या परिशिष्टात बोटांनी शस्त्रक्रिया करणारे, गर्भाचे लिंग बदलून देतो म्हणणारे भोंदू आहेत; विटाळाचे नाव नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी शिंगणापूरच्या चौथऱ्यावर चढून तेल वाहून आली, तेव्हा शुद्धीसाठी दुधाचा अभिषेक करण्यात आला. पुढे विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याची आठवण सरकारला करून दिली, आणि ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा स्त्रियांना खुला झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, २८ सप्टेंबर २०१८ रोजी, केरळातल्या शबरीमला मंदिरातील स्त्रीप्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात असे मत दिले की, ऋतुप्राप्तीवरून स्त्रीस दूर ठेवणे हे संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेल्या अस्पृश्यतेचेच एक रूप आहे. भिन्नमतवादी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांना ते मान्य नव्हते. हा अनुच्छेद जातीपुरता आहे असे त्यांचे म्हणणे. पराशराने दोन विटाळांना एकत्र जोडले होते. ते तसेच एकत्र रद्द झाले की नाही, याचा वाद सर्वोच्च न्यायालयात विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकात चालला.

चौथरे खुले झाले तरी वर्तमानपत्रे अधूनमधून आठवण करून देतात. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर येथे एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळले म्हणून मुलींचे कपडे काढून तपासणी झाल्याची तक्रार आली आणि मुख्याध्यापिकेस अटक झाली. त्या शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननसंस्थेचा धडा असेलच.

परंतु सगळ्यांत भयंकर हकीकत मराठवाड्यातलीच, शेजारच्या बीड जिल्ह्याची आहे, आणि तिच्यात देवाधर्माचा कोठेही संबंध नाही. दिवाळीच्या आगेमागे बीडहून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. मुकादम नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतो आणि आगाऊ उचल देतो. ती उचल फिटेपर्यंत जोडीतले कोणीही एक दिवस कामावर न गेले तर तो खाडा, आणि खाड्याचा दंड, हे प्रकरण गाजले तेव्हा वृत्तपत्रांतून आलेल्या आकड्याप्रमाणे, पाचशे रुपयांपर्यंत. पहाटे उसाच्या फडात उतरावयाचे, मोळ्या डोक्यावरून वाहावयाच्या, रात्री पाचटाच्या कोपीत पडावयाचे. पाणी नाही, आडोसा नाही. अशा ठिकाणी पाळी म्हणजे नुकसान. अंगावरून जाते, ओटीपोटात दुखते म्हणून बाई गावाकडच्या डॉक्टरकडे गेली की, कर्करोग होईल अशी भीती घालून ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला मिळे, आणि पिशवी काढली की खाड्याची कटकट कायमची मिटे. २०१९ साली ओरड झाल्यावर आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सहातील एकीचे. त्यांतल्या पुष्कळ जणी चाळिशीच्याही आतल्या. अकाली रजोनिवृत्ती, हाडांची झीज, कंबरेची न हटणारी कळ हे त्यापुढचे प्राप्तव्य.

येथे स्मृती नाही, पुरोहित नाही, व्रतकथा नाही. विटाळाच्या जागी खाडा आला आणि प्रायश्चित्ताच्या जागी शस्त्रक्रिया. इंद्राच्या पातकाचा तिसरा वाटा फेडावयास पूर्वी चार दिवस बाहेर बसावे लागे, आता अवयवच द्यावा लागतो. आणि भीती घालणारा आता भगव्या कफनीत नसून पदवीधर आहे. चक्रधरांचे उत्तर येथे पुरे पडत नाही, कारण धुण्यापुरते पाणीच फडात नाही.

या प्रकरणानंतर बीडमध्ये खाजगी रुग्णालयांस गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन घातले गेले, आणि तो हुकूम योग्यच होता. पण तो डॉक्टरांपुरता आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते दर वर्षी यात्राजत्रांतून चमत्कारांची उकल करून दाखवितात, ‘घाटी’तून दर वर्षी नवे डॉक्टर बाहेर पडतात, साखर आयुक्तालय दर वर्षी गाळपाचे परवाने देते, या तिघांनाही माझी विनंती एवढीच आहे की, येत्या गळीत हंगामात एखाद्या टोळीबरोबर फडापर्यंत जावे, मुकादमाकडे त्याची वही मागावी, आणि तीत बायकांच्या नावापुढे महिन्याच्या कोणत्या दिवसांचे खाडे मांडले आहेत ते रकाना उघडून पाहावे.